छत काढलेली की मुळातच उघडी? मिरजेतील स्टँडर्ड हेरल्डच्या पाहणीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

हरभट_रोड (सांगली), धागाकर्ता

नमस्कार. मिरजेतील एका निवृत्त गृहस्थांकडे असलेली १९६४ सालची स्टँडर्ड हेरल्ड विक्रीस निघाली असून गेल्या रविवारी मी ती पाहून आलो. गाडी दोन दारांची, कापडी टपाची आणि फिकट पिवळ्या रंगाची आहे. 'ही कंपनीतूनच उघडी आलेली आहे, अशी दुसरी या भागात दाखवा,' असे गृहस्थांचे म्हणणे असून त्याच आधारावर त्यांनी साडेसहा लाख रुपये किंमत सांगितली आहे. वडिलांच्या एका मित्राकडे माझ्या लहानपणी बंद छताची हेरल्ड होती, त्यामुळे या गाडीकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच कबूल करतो.

जे दिसले ते लिहितो. रंग ताजा आहे. इंजिन थंड असताना दुसऱ्या सेल्फला सुरू झाले आणि धूर निळसर नव्हता. खालचे गालिचे नवे आहेत, आसनांवर नवे रेक्झिन आहे. डावे दार लावताना किंचित उचलून लावावे लागते. मागून पाहिले असता मागची दोन्ही चाके वरच्या बाजूने आत कललेली दिसतात. त्यावर 'हेरल्डची चालच तशी' असे उत्तर मिळाले. मिरज-पंढरपूर रस्त्याने चार-पाच किलोमीटर चालवून पाहिली, पण टप खाली केलेला होता, ऊन उतरले होते, आणि त्या चार-पाच किलोमीटरांत गाडीचा आवाज ऐकण्याऐवजी मी रस्त्यावरच्या लोकांचे चेहरेच पाहत राहिलो.

गाडी २०२० पर्यंत सांगलीच्या गावभागातील एका वाड्यात उभी होती. पुराबद्दल विचारले तेव्हा 'त्या वेळी ती मिरजेला हलवली होती' असे सांगण्यात आले. गृहस्थ सज्जन वाटले आणि ते मुद्दाम काही लपवत असतील असे मला वाटत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. त्या वेळी नेमके काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कोणत्या गोष्टीवर व्यवहार मोडावा, याबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

तेलकट_हात (कुपवाड)

रंग, आसने आणि टप या तीन गोष्टी तूर्त बाजूला ठेवा, कारण या तिन्ही पैसे टाकले की पुन्हा करून मिळतात. जुने कपडे आणि एक सतरंजी घेऊन जा आणि पहिला अर्धा तास गाडीच्या खाली घालवा.

त्याचे कारण हेरल्डच्या रचनेत आहे. १९५९ मध्ये ही गाडी इंग्लंडमध्ये आली तेव्हा छोट्या मोटारी एकसंध पत्र्याच्या कवचाच्या होऊ लागल्या होत्या. स्टँडर्ड-ट्रायम्फला कवच पुरवणारा कारखाना मात्र प्रतिस्पर्धी गटाकडे गेलेला होता, म्हणून कंपनीने वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आणि तिच्यावर बोल्टने जोडायचे सुटे भाग हा जुना मार्ग पत्करला आणि इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीने त्याच मर्यादेत तिला देखणे रूप दिले. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून आपल्याकडे जी हेरल्ड काढली, तिचा सांगाडाही हाच. याचा अर्थ असा की पुढचे नाक (बॉनेट), दारे, डिकीचे झाकण यांतले काहीही गंजले तरी सोडवून दुरुस्त करता येते. चेसिस गंजली तर सगळी गाडी सोडवावी लागते.

मधल्या दोन मुख्य पट्ट्यांपासून बाहेरच्या बाजूला जे हात निघतात, ते आधी पाहा. दारांखालून जाणारी कडेची पट्टी आणि डिकीच्या तळाखालचे मागचे हात हे सर्वांत आधी जातात. जाड पेचकस घेऊन दाबून पाहा आणि छोट्या हातोडीने ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पोकळ झालेल्या पत्र्याचा बद्द येतो. खाली ताजा काळा डांबरी लेप दिसला तर तो कशावर लावला आहे हे विचारा आणि उत्तर समाधानकारक नसेल तर एखाद्या ठिकाणी खरवडून पाहण्याची परवानगी मागा. जो खरवडू देत नाही, त्याच्याकडे चहा पिऊन परत यावे.

दार उचलून लावावे लागते, ही तुम्ही सहज लिहिलेली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. बंद गाडीत छतामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना वरून धरलेले असतात. छत नसले की तो सगळा भार खाली चेसिसवर येतो आणि ती थकली की गाडी मधोमध बसते. दार बंद करून दाराची मागची फट पाहा: वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी बसलेली आहे. मग आत दोन माणसे बसवा आणि तीच फट पुन्हा पाहा. डोळ्यांना दिसेल इतका फरक पडत असेल तर तो बिजागरीचा दोष नव्हे. कित्येक डेंटर बिजागरीखाली पत्र्याच्या चकत्या घालून फट जुळवून देतात, तेव्हा चकत्यांकडेही लक्ष असू द्या.

आणखी एक उपाय बिनखर्चाचा आहे. गवंड्याचा ओळंबा आणि खडू बरोबर घ्या. सपाट फरशीवर गाडी उभी करून चेसिसच्या चारही टोकांच्या बोल्टांपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा, गाडी ढकलून बाजूला करा आणि दोन्ही कर्ण मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर साडेएक्याण्णव इंच हवे, आणि डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे.

मागच्या चाकांबद्दल 'चालच तशी' हे अर्धसत्य आहे. हेरल्डला मागे एकच आडवा कमानपाटा असतो आणि प्रत्येक चाकाचा अर्धा एक्सल मधल्या गुल्ल्यापाशी (डिफरन्शियलपाशी) वरखाली हलतो. पाटा बसला की चाके वरून आत झुकतात. आपल्याकडे पाच-सहा माणसे बसवून या गाड्या वर्षानुवर्षे फिरल्या, त्यामुळे पाटा थकलेला असणे स्वाभाविक आहे आणि तो करून घेता येतो. ही रचना आपल्या गिऱ्हाइकांना आणि मिस्त्र्यांना फारशी मानवली नाही, म्हणूनच पुढे कंपनीने गझेल या आपल्या नंतरच्या मोटारीला अखंड एक्सल दिला. तुम्ही पाहत असलेल्या गाडीला कोणी गझेलचा मागचा भाग तर बसवलेला नाही ना, तेही पाहून घ्या. चाके झुकलेली आहेत त्यावरून बहुधा नसावा.

पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली ब्राँझच्या एका तुकड्यात आट्यांवर फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअरचे दाट तेल भरायचे असते, ग्रीस नव्हे, आणि आपल्याकडील बहुतेक मिस्त्री सवयीने ग्रीसच मारतात. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, आत पाणी साचून दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर चाक आडवे पडते. जॅकवर घेऊन चाक वरखाली धरून हलवा, प्ले (सैलपणा) किती आहे ते पाहा आणि शेवटचे तेल कधी भरले, कोणते भरले, हे विचारा. 'ग्रीसिंग दर महिन्याला करतो' असे अभिमानाने उत्तर आले, तर दोन्ही बाजूंचे ट्रनियन उघडण्याचा खर्च धरूनच चाला.

इंजिन ९४८ सीसीचे, साधे आणि सोशिक आहे. त्याचा एकच कच्चा दुवा सांगतो. नाक उलटून इंजिन बंद असतानाच कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे पाहा. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल तर क्रँकच्या थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजलेल्या आहेत. त्या वेळेवर बदलल्या तर खर्च किरकोळ, निखळून ऑइल चेंबरमध्ये पडल्या तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. तेवढे झाले तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम करून मिळेल, पण मग ती रक्कम साडेसहा लाखांतून वजा व्हायला हवी.

आणि कृपा करून चालवण्यापूर्वी ब्रेक पाहत जा. पॅडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. ते हळूहळू खाली जात असेल तर तिथेच थांबा. या गाडीत ब्रेकचे तेल एकाच मार्गाने चारही चाकांना जाते, एक सील गेले की सगळेच जाते. मागच्या रविवारी तुम्ही पंढरपूर रस्त्यावर जे केले ते थोडे धाडसाचेच होते.

मोकळी_हवा (इस्लामपूर)

इतकी चिरफाड केली तर साठ वर्षांची कोणतीच गाडी घेण्यासारखी उरणार नाही. इंजिन सुरू होते, रंग चांगला आहे, मालक सज्जन आहेत. माझ्या मते थोडी घासाघीस करून घेऊन टाकावी.

तेलकट_हात (कुपवाड)

मोकळी_हवा, गाडीत दोष असणारच, त्याला माझी हरकत नाही. दोष माहीत असताना दिलेली किंमत आणि माहीत नसताना दिलेली किंमत यांतला फरक धागाकर्त्यांच्या खिशातून जाणार आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आरसी_बुक (सातारा)

वर चेसिसबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु माझ्या मते त्याहूनही आधी नोंदणी प्रमाणपत्र पाहायला हवे. त्यात 'बॉडीचा प्रकार' या रकान्यात काय लिहिले आहे? तुमच्या लेखनात याचा उल्लेख नाही आणि या व्यवहाराचे सगळे वजन त्या एका शब्दावर आहे.

हेरल्डचे छत हा बोल्टने बसवलेला स्वतंत्र भाग आहे. त्यामुळे ते काढणे हे कोणत्याही चौकस मिस्त्र्याचे एका दुपारचे काम आहे, आणि या सोयीमुळेच बंद हेरल्डची उघडी हेरल्ड करण्याचा उद्योग तिच्या मायदेशीही भरपूर झाला. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या गाडीच्या क्रमांकपट्टीवर क्रमांकानंतर सीव्ही ही अक्षरे असतील तर ती मुळात उघडी आणि डीएल असतील तर बंद, अशी सोपी ओळख आहे. मद्रासच्या गाडीला हा नियम लावू नका. तिच्यासाठी पट्टीवरचा क्रमांक, प्रमाणपत्रातला क्रमांक आणि बॉडीचा प्रकार हे तिन्ही एकमेकांशी जुळवून पाहा. पट्टी जुन्या रिव्हेटांवर आहे की नव्या चकचकीत रिव्हेटांवर, तेही पाहा.

आता कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणजे प्रमाणपत्रात 'सलून' (बंद छताची मोटार) असेल आणि प्रत्यक्षात छत नसेल, तर नूतनीकरणाच्या तपासणीत निरीक्षक गाडी नाकारू शकतात. पंधरा वर्षांनंतर हे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, तेव्हा एकदा निभावले म्हणून कायमचे निभावले असे होत नाही.

दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी आणि चारचाकींना त्यात 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये लागतात. मात्र दोन गोष्टी लोक विसरतात. एक, अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. दोन, गाडी मूळ स्थितीत जपलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. छत कापलेली गाडी इथेही अडते. म्हणून विक्रेत्यांच्या 'कंपनीतूनच उघडी' या एका वाक्याची किंमत तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे.

मी स्वतः एका दुसऱ्या मेकच्या गाडीत हा धडा घेतला. झेरॉक्सवर विसंबून पैसे दिले आणि मूळ पुस्तक हातात आले तेव्हा इंजिनाचा क्रमांक शेवटच्या दोन आकड्यांत वेगळा निघाला. तो दुरुस्त करून घेण्यात चौदा महिने गेले, गाडी तोवर यवतेश्वरच्या घाटात एकदाही गेली नाही.

हरभट_रोड (सांगली)

आरसी_बुक, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. माझ्याकडे झेरॉक्सच आहे आणि नेमका तोच रकाना घडीवर आल्यामुळे पुसट झाला आहे. गाडीला तीन अक्षरांचा जुना क्रमांक असून नोंदणी पुण्याची आहे. मूळ पुस्तक पाहायला मिळेल असे गृहस्थांनी फोनवर सांगितले आहे.

कृष्णाकाठ (सांगलीवाडी)

गावभागात उभी असलेली गाडी म्हटल्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले. माझी जुनी फियाट २०१९ मध्ये चार दिवस खिडकीच्या काचेपर्यंत पाण्यात होती, आणि पुढचे वर्षभर मी तिच्यातून जे काढत होतो त्यावरून पुराची गाडी कशी ओळखावी हे मला शिकावे लागले.

पाणी निघून जाते, गाळ राहतो. आपल्या कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक आणि काळपट असतो, तो अशा ठिकाणी जाऊन बसतो जिथे कोणी धुवायला जात नाही. हेडलाइटची काच आणि कडी सोडवून मागच्या वाटीत बोट फिरवा. दारावरचा पुठ्ठा खालच्या बाजूने फुगलेला आहे का, पाहा. नवा असेल तर दाराच्या आत तळाशी हात घाला. नवे गालिचे आणि नवे रेक्झिन ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू नाही, ती चौकशीची बाजू आहे. आसनाखालून हात घालून स्प्रिंगा आणि काथ्या चाचपा. स्प्रिंगांवर एका ठरावीक उंचीपर्यंतच गंज असेल आणि त्यावर नसेल, तर ती उंची लक्षात ठेवून डॅशबोर्डखालच्या वायरींकडे जा. एखादी वायर टोकाशी सोलून पाहा: तांबे लालसर असावे. काळे-हिरवे असेल तर ते आवरणाच्या आतून लांबवर तसेच असते आणि सगळी वायरिंग नवी केल्याखेरीज सुटका नसते.

चेसिसच्या बंद पट्ट्यांना खाली पाणी निथळायची भोके असतात. त्यांत तार घालून फिरवा. बाहेर माती आली तर ती रस्त्याची की नदीची हे सांगलीच्या माणसाला सांगावे लागणार नाही. गिअरबॉक्स आणि गुल्ल्यातल्या तेलाचा रंगही पाहा. दुधाळ असेल तर श्वासनळीतून पाणी आत गेले आहे. गाडी मिरजेला हलवली होती, हे खरे असू शकेल, पण कधी हलवली हे विचारा. मी फियाट हलवायला निघालो तेव्हा हरभट रोडवर कमरेइतके पाणी होते.

तेलकट_हात (कुपवाड)

कृष्णाकाठ यांनी लिहिलेल्या तपासण्या चेसिस पाहतानाच करून घ्या, गाडी एकदाच वर उचलावी लागेल.

छताबद्दल आता प्रत्यक्ष पाहण्याच्या खुणा लिहितो, कारण कागद गहाळ असतो तेव्हा पत्राच साक्ष देतो. पुढच्या काचेच्या चौकटीची वरची कड पाहा. तिथे टपाची पट्टी असेल तर ती काढायला सांगा. खाली छताच्या बोल्टांची भोके असतील, पुट्टीने बुजवलेली असतील किंवा वेल्डिंगने भरून घासलेली असतील तर बोटाला उंचवटा कळतो. तीच भोके मागे, डिकीच्या पुढच्या पत्र्यावर, बंद गाडीचे छत जिथे टेकते तिथेही मिळतील. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवा, पुट्टी जाड असेल तिथे ते घसरेल.

मागच्या आसनाची रुंदी हीही एक चांगली खूण आहे. मुळातल्या उघड्या हेरल्डमध्ये टपाचा सांगाडा घडी होऊन दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून मागचे आसन अरुंद असते. तुमच्या गाडीत आसन पत्र्यापासून पत्र्यापर्यंत भरलेले असेल आणि टपाच्या नळ्या जीपच्या टपासारख्या बाहेरून खोचायच्या असतील, तर निष्कर्ष उघड आहे.

पुलीकडे पाहायला विसरू नका. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्यांची चौकशी करा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आपल्याच जिल्ह्यातले कारखाने ते बनवतात याचा अभिमान असला तरी १९६४ च्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा आणि नळ्या बदलल्या नसतील तर आधी त्या बदलूनच लांबचा प्रवास करा.

रेक्झिन_दोरा (मिरज)

टपाच्या कापडाबद्दल दोन वाक्ये. ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलेला टप आणि मोटारीचा टप यांत शिवणीचा फरक असतो: पावसाचे पाणी टाक्यांतून आत येऊ नये म्हणून शिवणीवर कापड दुमडून घेतात. टप चढवून त्यावर दोन बादल्या पाणी ओतायला सांगा आणि आत बसा. काचेच्या वरच्या कडेतून पाणी गळत असेल तर खालच्या फरशीचा पत्रा गालिच्याखाली कसा असेल, याची कल्पना येईल.

हरभट_रोड (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी साडेसहाला पोहोचलो आणि दुपारी एक वाजता निघालो. गृहस्थांनी कशालाही आडकाठी केली नाही, उलट ओळंबा पाहून ते स्वतःच खडू घेऊन खाली बसले.

आधी बरे सांगतो. दोन्ही कर्ण एक-दोन सुतांच्या फरकाने जुळले. चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंना सारखे आहे. पुली हलते, पण नख अडकेल इतकीच; तेलकट_हात यांना चित्रफीत पाठवली असून थ्रस्ट वॉशर बदलाव्यात पण घाई नाही, असे त्यांचे मत पडले. हेडलाइटच्या वाट्यांत जाळी आणि एक मेलेले झुरळ मिळाले, गाळ मिळाला नाही. वायरीचे तांबे लाल आहे. चेसिसच्या भोकांतून तारेबरोबर लालसर माती आली, काळी नाही. कृष्णाकाठ यांच्या प्रश्नावर गृहस्थ म्हणाले की २००५ च्या पुरानंतर पावसाळ्याच्या आधीच गाडी मिरजेला नेऊन ठेवण्याचा त्यांच्या घरात नेमच होता. त्यामुळे पुराची शंका मी मनातून काढली आहे.

आता बाकीचे. डाव्या बाजूचा दाराखालचा हात पेचकसाने आत गेला, कडेची पट्टी अर्ध्या लांबीपर्यंत पोकळ आहे. आत दोन माणसे बसली की दाराची फट वरच्या बाजूने एका नाण्याच्या जाडीइतकी मिटते. उजव्या ट्रनियनमध्ये प्ले आहे आणि तिथे अर्थातच ग्रीस आहे. ब्रेकचे पॅडल मिनिटभरात बोटभर खाली गेले, ते पाहून मागच्या रविवारची आठवण सुखाची राहिली नाही.

छताचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. काचेवरची पट्टी काढली तेव्हा भोके पुट्टीखाली होती. मागचे आसन पत्र्यापासून पत्र्यापर्यंत आहे. आणि मूळ पुस्तकात, जिथे माझ्या झेरॉक्सवर घडी होती तिथे, स्वच्छ अक्षरांत 'सलून' लिहिलेले आहे. नूतनीकरण २०१६ मध्ये संपले असून त्यानंतर केलेले नाही.

पुस्तक पाहून गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. ही गाडी त्यांच्या थोरल्या भावाने १९८० च्या सुमारास घेतली आणि त्यांच्या आठवणीत ती उघडीच आहे. मग त्यांनी भावाच्या मुलाला फोन लावला. त्याने सांगितले की पुण्याहून गाडी आणली तेव्हा तिला छत होते, एका लग्नाच्या वरातीसाठी ते उतरवले आणि पुन्हा कधी चढवले नाही.

आरसी_बुक (सातारा)

तसे असेल तर ते छत आता कुठे आहे, हा एकच प्रश्न उरतो. बोल्टने उतरवलेले छत परत चढवले तर बॉडी प्रमाणपत्रानुसार होते आणि नूतनीकरणाला अडचण राहत नाही. मूळ छत हाताशी असेल तर व्हिंटेजच्या अर्जातही तुमची बाजू बरीच भक्कम होईल. कापून काढले असेल तर मात्र मी हा व्यवहार सोडून देईन.

तेलकट_हात (कुपवाड)

छत मिळाले तरी चढवण्याआधी डावा हात आणि पट्टी नवी करून चेसिस सरळ करावी लागेल. गाडी बसलेली असताना छत बोल्टने आवळले तर भोके जुळणार नाहीत, आणि ओढून जुळवली तर काचेची चौकट पिळवटून काच तडकेल. क्रम चुकवू नका. या कामासह ट्रनियन, ब्रेक, वॉशर आणि कमानपाटा धरून मी गाडीची आजची किंमत साडेतीनच्या वर लावणार नाही, तीही छत मिळाले तर.

हरभट_रोड (सांगली)

छत मिळाले. तासगावजवळ त्यांच्या द्राक्षबागेत विहिरीच्या मोटरीवर गेली चाळीस वर्षे ते झाकण म्हणून पालथे आहे. काल पुतण्याबरोबर जाऊन पाहिले. मागची काच नाही, आतला कापडी अस्तर उंदरांनी नेला आहे, आणि वरचा रंग उडून पत्रा तपकिरी झाला आहे, पण कडा शाबूत आहेत आणि कुठेही कापल्याची खूण नाही. लोहचुंबक सगळीकडे चिकटले. बोल्टांच्या भोकांची मापे कागदावर उतरवून आणली आणि परतताना मिरजेला थांबून चौकटीशी ताडून पाहिली: पुढची सगळी जुळली, मागचे डावे एक भोक अर्धा इंच पुढे येते. तेलकट_हात यांनी सांगितले होते त्याप्रमाणे, बसली आहे तीच बाजू.

मी तीन लाख चाळीस हजार सांगितले आहेत, छतासकट. मोटरीवर घालायला नवा पत्रा मी आणून द्यायचा, एवढी पुतण्याची अट आहे. गृहस्थांनी उद्यापर्यंत वेळ मागितला आहे.